दीड दिवसाची अट

"आणि गणपती कुठे बसवता?" मॅडमनी विचारलं.

त्या आमच्या हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. घर बघून झालं होतं. जपानहून येणाऱ्या पाहुणीसाठी आम्ही आतली खोली रिकामी केली होती, गादीवर नवी चादर घातली होती, खिडकीला जाळी बसवली होती. मॅडम माझ्या बहिणीच्या कॉलेजात प्राध्यापक होत्या आणि हा परदेशी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम त्यांच्याकडेच होता. त्या मनापासून खूश दिसत होत्या. सणाचे फोटो कुठे काढायचे, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"बसवत नाही," पप्पा म्हणाले.

"यंदा नाही का? सुतक वगैरे?"

"कधीच नाही. आम्ही बौद्ध आहोत."

मॅडमनी भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं. फळीवर बुद्धाची मूर्ती, आणि तिच्या वर निळ्या कोटातली तसबीर, जी बोपोडीच्या आमच्या वस्तीत घरोघरी आहे. आल्यापासून त्या तिच्यासमोरच उभ्या होत्या. "हो हो, अर्थात," त्या म्हणाल्या. "प्रसन्न वाटतं अगदी." मग त्यांनी चहा पूर्ण संपवला. हे न्यायाने सांगायला हवं.

आमच्या शहराचा जपानमधल्या एका शहराशी भगिनी शहर म्हणून करार आहे. असल्या करारांतून एरवी काय निघतं ते पुणेकराला सांगायला नको. शिष्टमंडळ येतं, शाली पांघरल्या जातात, एक झाड लावलं जातं. झाड मरतं, पाटी राहते. पण या करारातून एक खरी गोष्ट निघाली होती. दर पावसाळ्यात तिकडच्या विद्यापीठातले काही विद्यार्थी महिनाभर पुण्यात येतात आणि इथल्या कॉलेजच्या मुलामुलींच्या घरी राहतात. ज्या मुलीच्या घरी पाहुणी राहिली, ती पुढच्या एप्रिलमध्ये वर्षभरासाठी तिकडे शिकायला जाते. फी माफ, आणि राहायला त्याच पाहुणीचं घर. याला ते लोक जोडी म्हणतात. स्वतःच्या जोरावर जायचं म्हटलं तर आमच्या घरातल्या सगळ्यांना विकूनही जमलं नसतं. आमच्यासारख्यांना त्या देशाचं एवढं एकच दार होतं, आणि माझी बहीण त्या दारात उभी होती.

ती पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. सकाळी बोपोडीहून बस धरून टिळक रोडच्या क्लासला जायची आणि तिथून कॉलेजला. फ्रिजच्या दारावर, आरशाच्या कडेला, पिठाच्या डब्यावर जपानी अक्षरं चिकटवलेली असायची. आईला निम्मी पाठ झाली होती. "हे घर, हे तोंड, हे झाड," असं म्हणत ती डबा उघडायची. आमच्या घरामागून मुळा वाहते, म्हणजे मुळेचा वास वाहतो. त्या दुसऱ्या शहरातून जाणारी नदी एके काळी अशीच होती आणि आता तिच्यात मासे आहेत, असं बहिणीनं कुठेतरी वाचलं होतं. "मेलेली नदी परत जिवंत होते हे मला डोळ्यांनी बघायचंय," ती म्हणायची. "आणि कशी होते ते शिकून यायचंय." तिला शॉपिंग, बर्फ, फुलं यातलं काही नको होतं. तिला सांडपाणी बघायला जायचं होतं.

मी पत्रकांवर वाढलो. पप्पा कारखान्यातून आले की हातपाय धुऊन लिहायला बसत. जाहीर निषेध, जाहीर आवाहन, बांधवांनो विचार करा. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. फसलेल्या छपाईचे गठ्ठे होते, त्यांवर मी अक्षरं गिरवली. सगळं घर मिळून घड्या घालायचं. आई सगळ्यांत वेगानं घालायची आणि एकही वाचायची नाही. "तुमचं पप्पा घरात जे बोलतात तेच त्यात असतंय," ती म्हणायची.

पप्पांचं दर वर्षीचं एक पत्रक भाद्रपदात निघायचं, आणि ते बाहेरच्यांसाठी नसायचं, आपल्याच लोकांसाठी असायचं. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीला देव मानणार नाही, पुजणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. आमच्या आजोबांनी ती तरुणपणी घेतली आणि मरेपर्यंत पाळली. पण वस्तीतली काही घरं पोरांच्या हट्टापायी, सुनेच्या माहेरापायी दीड दिवसाचा गुपचूप आणायची. पप्पा त्यांना विचारायचे: विहारात वंदना आणि घरात आरती, बांधवा, यातलं खरं कुठलं? कुणाचं नाव लिहायचे नाहीत. वाचणाऱ्याला आपलं घर बरोबर ओळखू यायचं. दुसऱ्या कुणाच्या देवाबद्दल त्यांनी कधी वावगा शब्द लिहिला नाही. ज्याची श्रद्धा आहे त्यानं खुशाल पुजावा, असं ते म्हणत. त्यांचं भांडण फक्त शब्द देऊन मोडणाऱ्यांशी होतं.

आणि आता मॅडम म्हणत होत्या, "मग असं करूया का? दीड दिवसाचा बसवा. श्रद्धा म्हणून नको हो, एक सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. मूर्ती, मखर, सगळं कॉलेज देईल. तुम्ही फक्त घर द्यायचं."

"आणि नाही बसवला तर?" बहिणीनं विचारलं.

"सण हा या कार्यक्रमाचा मुख्य भाग आहे ना. सणाला पाहुणी ज्या घरी असेल, ते यजमान घर. तसं तिकडे कळवलेलं असतं."

"म्हणजे जोडी?"

"जोडी त्या घराशी." मॅडमना हे सांगताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "कोथरूडचं एक कुटुंब थांबलंय. त्यांच्याकडे दहा दिवसांचा असतो. पण गुणांत तू वर आहेस, म्हणून तर मी स्वतः आले."

मी म्हणालो, "तिच्या देशात बुद्ध आहे, आमच्या घरात बुद्ध आहे. हे चालणार नाही का?"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "बुद्ध तिच्या घरीही असेल. इतक्या लांब येऊन तिला वेगळं काय दिसणार?"

"भारत दिसेल."

"अहो, आपण गैरसमज करून घेऊ नका. मी जातपात वगैरे मुळीच मानत नाही."

तोवर जातीचा शब्द कुणीही काढला नव्हता.

त्या गेल्यावर आमचं जे भांडण झालं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

"दीड दिवस तर आहे, दादा," बहीण म्हणाली.

"प्रश्न दिवसांचा नाही."

"तुझ्यासाठी नाही. तुला कुठे जायचंय? तुला इथेच बसून निषेध करायचाय."

"आज मूर्ती ठेवा म्हणतायत. उद्या तसबीर उतरवा म्हणतील. फोटोत येते म्हणून."

"म्हणतील तेव्हा बघू. तत्त्व तुझं आणि सीट माझी. हे बरंय तुझं!"

"विसर्जन झाल्यावर वस्तीत तोंड कसं दाखवणार?"

"मी एप्रिलमध्ये जाणारे. तोंड तुम्ही दाखवा."

आई म्हणाली, "हळू बोला. शेजारी काय फुकट ऐकायला बसवलेत?" मग ती पप्पांकडे बघू लागली. आम्हीही बघू लागलो. ते खुर्चीत बसून होते आणि चष्म्याची काच शर्टाच्या टोकानं पुसत होते.

"बसवू," ते म्हणाले.



"पोरीला जायचंय. बसवू." आणि उठून गॅलरीत गेले.

माझ्या वडिलांनी इतकं छोटं वाक्य आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. मी त्यांच्या मागे गेलो, पण त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बहीण आनंदानं रडायला लागली. मला त्या रात्री दोघांचाही राग आला होता, आणि खरं सांगतो, तो राग बरोबर होता असंच मला आजही वाटतं. फक्त तो चुकीच्या माणसांवर काढला.

पाहुणी आली ती गणपतीच्या आधी आठवडाभर. बारीक, चष्मेवाली, कोणतीही वस्तू दोन्ही हातांनी घेणारी. दारात बूट काढून तिनं त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली, आणि आत येताच फळीसमोर उभी राहून हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं. आजीच्या घरी अशीच फळी आहे, तिथे सकाळी शिजलेला पहिला भात ठेवतात, असं तिनं बहिणीला सांगितलं. मग निळ्या कोटाकडे बघून काहीतरी विचारलं.

"हे तुमचे आजोबा का, असं विचारतेय," बहीण म्हणाली.

"हो म्हणावं," आई म्हणाली. "सगळ्यांचेच."

कॉलेजनं जेवण कसं द्यायचं याच्या सूचना दिल्या होत्या. शाकाहारी, कमी तिखट. पहिले दोन दिवस आई वरण-भात आणि बटाट्याची भाजी करत राहिली. तिसऱ्या दिवशी आमच्यापुरती सुकट परतली, तर पाहुणी वासानं स्वयंपाकघरात आली आणि कढईत डोकावली. वाळवलेली मासळी तिच्याकडे रोजचीच. त्यानंतर तिला दुसरं काही नकोच असायचं. "ही आपल्यातलीच हाय गं," आई म्हणाली. "उगाच विमानानं आली." बहीण आणि ती नदीकाठी जाऊन बाटल्यांत पाणी भरून आणायच्या आणि टेबलावर मांडून त्याच्या रंगाबद्दल तासन्‌तास बोलायच्या. एप्रिलमध्ये कुठल्या प्रयोगशाळेत जायचं, हेही त्यांचं ठरून गेलं होतं. इतकी हसणारी बहीण मी फार कमी वेळा पाहिली आहे. पप्पा मात्र त्या दिवसांत कारखान्यातून उशिरा यायला लागले होते.

रविवारी विहारातली मुलं आली. त्यांच्याबरोबर शेजारच्या इमारतीतल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या.

"काका, मजकूर झाला का? प्रेसवाला थांबलाय."

"यंदा राहू द्या," पप्पा म्हणाले.

"का हो? तब्येत?"

"हो. जरा."

मुलं उठायला लागली. बाई उठल्या नाहीत. "मागं माझ्या नातवानं आणला होता, तवा तुम्ही लिहिलं," त्या म्हणाल्या. "मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. लई राग आला होता. पण परत आणू दिला नाही त्याला. अन् आता तुम्हीच गप? का बरं?"

पप्पा म्हणाले, "पाणी घ्या." बाईंनी पाणी घेतलं आणि गेल्या.

बहीण चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. चहा कुणीच प्यायला नव्हता. तिनं ट्रे ओट्यावर ठेवला, गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. काचेतून ती फोनवर बोलताना दिसत होती. परत आली तेव्हा पाहुणी बाजूलाच बसलेली होती, त्यामुळे ती अगदी साध्या आवाजात बोलली, भाजी आणायचं सांगावं तशी.

"पप्पा, मॅडमना फोन केला. बसवणार नाही म्हणून सांगितलं."

"मी हो म्हटलं होतं."

"म्हणूनच."

पप्पा ओरडतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ते आमच्यावर कधी ओरडलेलेच नव्हते. "म्हणूनच म्हणजे काय? तुझ्यासाठी म्हटलं होतं ना! तोंडातून एकदा गेलं ते आता परत येतंय का? तुझी सीट पण गेली आणि माझं पण गेलं. दोन्ही घालवलंस तू." पाहुणी घाबरून उभी राहिली. पप्पांनी तिच्याकडे बघून हात जोडले, चप्पल घातली आणि बाहेर गेले.

"पत्रक काढा आता," मी ते परत आल्यावर म्हणालो. "आता काय अडचण आहे?"

"जो एकदा हो म्हणाला त्यानं दुसऱ्याला विचारू नये," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी एक ओळही लिहिलेली नाही.

मॅडम गाडी घेऊन स्वतः आल्या. सगळं अत्यंत सौजन्यानं झालं. फक्त सणापुरतं, असं पाहुणीला सांगण्यात आलं. तिनं बहिणीला हळूच काहीतरी विचारलं. मला भाषा येत नाही, पण ते कळायला भाषा लागत नव्हती. आपण काही चूक केली का, एवढंच ती विचारत होती. बहीण मान हलवत राहिली. आईला बरोबर सुकट द्यायची होती, पण त्या घरी वास जाईल म्हणून तिनं चिवडा भरून दिला. बॅग पप्पांनी खाली नेऊन गाडीत ठेवली.

सण झाला. पाहुणी आमच्याकडे परत आली नाही. सारखं सारखं घर बदललं तर तिचं मन रमणार नाही, असं आम्हाला कळवण्यात आलं.

निरोपाच्या कार्यक्रमाला दुभाषी मिळेना. तिकडचे पाहुणे इंग्रजीत बोलायला संकोचतात, आणि कॉलेजात माझ्या बहिणीइतकं जपानी कुणालाच येत नव्हतं. मॅडमनी तिलाच विचारलं, आणि ती हो म्हणाली. मी माझं पहिलं पत्रक लिहिलं होतं. शंभर प्रती पिशवीत घेऊन गेलो. हॉलच्या जिन्यात तिनं मला अडवलं.

"वाटू नकोस."

"का? तुझ्याबद्दलच आहे."

"म्हणूनच वाटू नकोस. तू वाटलंस तर मी माईकवर जाणार नाही. मग पाहुणी आत काय बोलतेय ते तुला तरी कळेल का?"

मी पिशवी बंद केली. आई आणि मी शेवटच्या रांगेत बसलो. पप्पा आले नव्हते. भाषणं झाली. घराघरांतून जुळणारी मैत्री, दोन संस्कृतींचा पूल. बहीण एकेक वाक्य स्वच्छ जपानीत सांगत होती आणि पाहुणे माना डोलवत होते. मग आमच्याकडे राहिलेली पाहुणी उठली. तिनं कागद आणला होता, पण तो मिटवून ठेवला. ती बराच वेळ बोलली. ती सरळ आमच्या रांगेकडे बघत होती.

बहिणीनं माईक घेतला. "पुण्यातल्या दोन्ही कुटुंबांनी मला खूप प्रेम दिलं. मी सर्वांची आभारी आहे."

टाळ्या झाल्या. मॅडमनी डोळे टिपले. मग जोड्यांची घोषणा झाली आणि कोथरूडच्या मुलीला गुच्छ मिळाला. ती मुलगी नंतर बहिणीला शोधत आली. "सॉरी गं," ती म्हणाली, "मला खरंच काही माहीत नव्हतं. आईनं आत्ता सांगितलं."

"तुझी काय चूक? व्हिसाच्या मागे लवकर लाग. वेळ लागतो," बहीण म्हणाली.

बसस्टॉपवर मी विचारलं, "एवढं थोडंच बोलली होती ती?"

"नाही."

"मग?"

"पहिल्या घरात मला आजीकडे आल्यासारखं वाटलं, म्हणाली. तिथून मला का हलवलं ते कुणी सांगितलं नाही. माझी जोडीदार कोण ते मला माहीत आहे आणि मला तिलाच न्यायचंय." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "असं म्हणाली."

"आणि तू ते गिळलंस? सगळ्या हॉलसमोर माईक तुझ्या हातात होता!"

"हॉलमधल्या ठरवणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं, दादा. माहीत असलेल्यांना काय सांगायचं? सगळ्यांनी च्‌च्‌ केलं असतं. इथे गोंधळ झाला म्हणून तिला तिकडे चार लोकांनी विचारलं असतं, असं सगळ्यांसमोर कसं बोललीस म्हणून. तू पत्रक काढलं असतंस. आणि सीट कोथरूडलाच गेली असती."

तिनं सांगायलाच हवं होतं, असं मी आजही मानतो. मी माईकवर असतो तर सांगितलं असतं. पण मी माईकवर कधीच नसतो, कारण मला कुणी बोलवत नाही, आणि मला कुणी बोलवत नाही कारण मी सांगितलं असतं.

एप्रिलमध्ये कोथरूडची मुलगी गेली. माझ्या बहिणीचं कॉलेज संपलं, आणि कॉलेज संपलेल्यांना ही योजना नाही. ती आता हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. जपानी ग्राहकांचे ईमेल मराठी आणि तमिळ मुलांना समजावून सांगते. पगार चांगला आहे. कंपनीची बस मुळेवरच्या हॅरिस पुलावरून जाते तेव्हा ती खिडकी लावून घेते. पप्पा निवृत्त झाले. विहारात जातात, मागे बसतात, बोला म्हटलं तर घसा दाखवतात. बहीण आणि ते एकमेकांशी नीट बोलतात, अगदी नीट, पाहुण्यांशी बोलावं तसं.

यंदा जूनमध्ये वस्तीतली एक मुलगी आमच्याकडे आली. दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच कॉलेजात. योजनेची नोटीस लागली होती. "ताई, नाव देऊ का?" तिनं विचारलं. "पप्पा म्हणतात दे."

मी तोंड उघडणार होतो. माझ्याकडे सगळं तयार होतं, अटीपासून शेवटच्या टाळीपर्यंत.

"दे," बहीण म्हणाली. "भाषा मी शिकवते, रविवारी येत जा. घर बघायला मॅडम येतील. त्या चांगल्या आहेत, चहा घेतात. फक्त एक कर. त्या येतील त्या दिवशी पप्पांना घरी थांबू देऊ नकोस. विचारतील त्याला हो-नाही तूच म्हण."

"का, ताई?"

बहिणीनं तिच्यापुढे कोरा कागद सरकवला, पेन दिलं, आणि पहिलं अक्षर कसं काढायचं ते दाखवायला लागली.